पिकअपचा टायर आणि त्यातील हवा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात शहापूर येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या मेळाव्यात आजवर शिक्षण, लग्नकार्यातील खर्च, वसतिगृहाचा निधी अशा विषयांवर व्याख्याने होत आली आहेत आणि ती व्हावयासच हवीत. त्याच व्यासपीठावर रबरी टायर व त्यातील हवा हा विषय घेऊन मी उभा राहिलो, हे काही वडीलधाऱ्यांस चमत्कारिक वाटेल. परंतु ह्या मंडपाबाहेरच्या मैदानात एकवार दृष्टी टाकावी. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांतील तरुणांनी शेतीला जोड म्हणून लहान मालमोटार घेतली आहे. कोणी किन्हवली-सरळगावकडची भेंडी व काकडी रात्री भरून कल्याणच्या किंवा वाशीच्या बाजारात पहाटे पोहोचवितो, कोणी विटा वाहतो, कोणी भिवंडीच्या गोदामांचा माल आणतो. त्या गाडीवर कर्ज आहे, घरातील दागिना किंवा जमिनीचा तुकडा त्यापायी अडकलेला आहे. आणि हा सर्व संसार जमिनीला टेकतो तो चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार जागांवर. तेव्हा त्या चार जागांविषयी अर्धा-पाऊण तास बोलणे अस्थानी ठरू नये.

माझा बराच काळ वाहनांच्या कार्यशाळेत गेला. फुटलेला टायर पाहावयाचा आणि तो का फुटला हे सांगावयाचे, हे तेथील नित्याचे काम. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो, ती अशी की, गाडीचा भार टायर वाहत नाही. भार वाहते ती टायरमधली हवा. टायर हे त्या हवेला कोंडून ठेवणारे मजबूत भांडे आहे, इतकेच.

जुन्या पिढीस हे लवकर पटेल. आपल्या बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढविलेली असे. तेथे भार आऱ्यांवर आणि पुठ्ठ्यांवर पडे. चाक मजबूत तर गाडी मजबूत, असा सरळ हिशेब होता. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप ह्या गुरांच्या डॉक्टराने बेलफास्ट येथे आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेची रबरी नळी बसविली. त्याच्याच नावाने पुढे आपल्याकडे टायर लावलेली बैलगाडी ‘डनलॉपची गाडी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. चाक बदलले, पण आपला हिशेब मात्र लाकडी चाकाचाच राहिला. ‘टायर जाड आहे ना, मग चिंता नाही’ असे आपण आजही म्हणतो. जाड टायरात हवा कमी असेल, तर त्याची जाडी उपयोगी तर पडत नाहीच, उलट घातक ठरते. कारण जाड रबर वाकले की अधिक तापते.

आता टायर निवडावा कसा? टायरच्या बाजूवर रोमन लिपीत काही अक्षरे व आकडे उमटविलेले असतात. दुकानदार आपणास त्यातील पहिला भागच वाचून दाखवितो. उदाहरणार्थ, ‘२१५/७५ आर १५’. म्हणजे टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ७५ टक्के, बांधणी रेडियल, आणि रिम १५ इंची. हे झाले माप. अंगरख्याचे माप बरोबर असले म्हणून तो कांबळ्याची ऊब देत नाही, त्याप्रमाणे माप जुळले म्हणून टायर भार उचलीलच असे नाही. क्षमता सांगणारा आकडा त्यापुढे असतो आणि नेमका तोच वाचावयाचा राहून जातो.

ह्या एकाच मापाचे तीन टायर आपण समोर ठेवू. पहिला प्रवासी मोटारीचा. त्यावर पुढे ‘१०० एस’ असे असते. दुसरा मालवाहू बांधणीचा, मापाच्या आधी ‘एलटी’ ही अक्षरे, सहा प्लाय, आणि आकडे १००/९७. तिसराही ‘एलटी’, पण आठ प्लाय, आणि आकडे १०६/१०३. हे आकडे किलोंचे नव्हेत. ते जगभर ठरलेल्या एका कोष्टकातील अनुक्रमांक आहेत. १०० म्हणजे ८०० किलो, १०३ म्हणजे ८७५, १०६ म्हणजे ९५०. दोन आकड्यांपैकी पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा मागे जोडचाके असतील त्यासाठी. आपल्या पिकअपला मागे एकेरीच चाक असते, म्हणून पहिला आकडा पाहावा. शेवटचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते. ‘प्लाय’ म्हणजे पूर्वी टायरमध्ये सुती कापडाचे जितके पदर घालीत, त्यांची संख्या. आज तितके पदर प्रत्यक्षात नसतात. तितक्या पदरांचे बळ आहे, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे.

पहिल्या आणि दुसऱ्या टायरवर १०० हाच आकडा आहे, तेव्हा दोन्ही सारखेच असे कोणी म्हणेल. तसे नाही. प्रवासी टायरचा तो आकडा मऊ रस्ता, सौम्य धक्के आणि बसलेली माणसे गृहीत धरून दिलेला असतो. अमेरिकेच्या वाहनविषयक नियमांत तर असा टायर मालवाहू गाडीला लावावयाचा झाल्यास त्याची क्षमता १.१ ने भागून धरावी, असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे ८०० किलोंचे उरले सुमारे ७२७. आपले रस्ते अमेरिकेच्या रस्त्यांहून गुळगुळीत आहेत असा दावा खर्डी किंवा टोकावड्याकडून आलेला एकही सभासद करणार नाही, अशी माझी खात्री आहे.

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या टायरातील भेद पाहा. माझ्या सांगण्याचा गाभा तेथे आहे. सहा प्लायच्या टायरचे ८०० किलो हे त्यात ५० पौंड हवा असताना. आठ प्लायच्या टायरचे ९५० किलो हे ६५ पौंड हवा असताना. आठ प्लायचा टायर अधिक भार उचलतो तो कशाच्या बळावर? अधिक हवा कोंडून धरण्याच्या बळावर. त्याच आठ प्लायच्या टायरात ५० पौंडच हवा ठेवली, तर तोही ८०० किलोंचाच राहतो. महाग टायर विकत घ्यावयाचा आणि स्वस्त टायरची हवा भरावयाची, म्हणजे दिलेले जादा पैसे पंपाशीच सोडून येणे होय.

हिशेब प्रत्यक्ष मांडू. समजा, एका पिकअपचे रिकामे वजन १,७०० किलो आहे. त्यातील ९५० पुढच्या चाकांवर, ७५० मागच्या. तीत १,२०० किलो माल भरला. हौदा मागच्या चाकांवर असल्यामुळे त्यातील सुमारे १,०५० किलो मागेच पडतो. म्हणजे मागे झाले १,८००, प्रत्येक टायरवर ९००. पुढे १,१००, प्रत्येकी ५५०. मागचे टायर आठ प्लायचे असून त्यांत ६५ पौंड हवा असेल, तर ९५० मधून ९०० वजा जाता ५० किलो शिल्लक राहतात. गाडी सुखरूप आहे. त्यांत ५० पौंडच हवा असेल, तर प्रत्येक टायर १०० किलो जादा वाहतो आहे. प्रवासी टायर असेल तर १७३ किलो जादा. आणि सहा पोती सिमेंट ‘एवढ्याने काय होते’ म्हणून वर चढविली, तर मागच्या प्रत्येक टायरवर १,०३० किलो येतील, आणि मग ६५ पौंड हवा असलेला उत्तम टायरही उणा पडेल. ह्यात गाडी डावीकडे झुकलेली असेल, तर डाव्या टायरचे काय होते ते वेगळेच.

हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या गाडीचे आकडे आपण काढावे, आणि त्यास फार सायास नाहीत. माल भरलेली गाडी वजनकाट्यावर न्यावी. आधी पूर्ण गाडीचे वजन करावे, मग पुढची चाके काट्याबाहेर काढून केवळ मागच्या चाकांचे करावे. मागच्या वजनाचे दोन भाग केले की एका टायरचा वाटा निघतो. काट्याच्या पावतीपुरते पैसे लागतात, आणि एकदा केलेले हे काम वर्षभर पुरते.

डोळ्यांच्या अंदाजावर मात्र विसंबू नये, कारण डोळा फसतो. गवताने भरलेली पिकअप डोंगराएवढी दिसते, पण तिचे वजन बेताचे असते. तिला धोका वाऱ्याचा आणि कलंडण्याचा. विटा हौद्याच्या तळाशी चार थर दिसतात. एक वीट सुमारे तीन किलोंची धरली, तर ५०० विटांचा दीड टन होतो. आणि सर्वांत फसवे पाणी. मुंबईची तहान भागविणारी भातसा व तानसा ही धरणे आपल्या शहापूर तालुक्यात आहेत, आणि चैत्र-वैशाखात आपल्याच पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, हे दुःख येथे नव्याने सांगावयास नको. जेथे टँकर जात नाही तेथे आपले तरुण पिकअपवर प्लास्टिकची टाकी ठेवून पाणी नेतात. काम पुण्याचे आहे. परंतु २,००० लिटर पाणी म्हणजे दोन टन, आणि ते स्थिर न राहता वळणावर एका बाजूस धावते, हे त्या पुण्यकर्त्याने ध्यानात ठेवावे. अशा गाडीवर १,००० लिटरचीच टाकी ठेवून दोन खेपा कराव्या.

आता ज्या समजुतीने माझ्या मते सर्वाधिक टायर फुटतात, तिच्याकडे वळतो. उन्हाळा आला की आपल्याकडे अनुभवी म्हणविणारे चालक सांगतात, ‘हवा कमी ठेव, टायर तापून फुटेल.’ मुरबाडच्या मे महिन्यातील ऊन पाहता हे बोलणे शहाणपणाचे वाटते. वस्तुतः ते नेमके उलटे आहे.

टायर तापतो तो मुख्यतः उन्हाने नव्हे, वाकण्याने. चाक फिरताना टायरचा जो भाग जमिनीवर येतो तो दबतो, आणि वर गेला की पूर्ववत होतो. आपण सांगितलेल्या मापाचा टायर ताशी ८० किलोमीटर वेगाने सेकंदाला सुमारे दहा फेरे घेतो. म्हणजे त्याचा प्रत्येक भाग सेकंदात दहा वेळा वाकतो व सरळ होतो. तार वाकवून वाकवून तोडताना ती बोटांस चटका देते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे, तसेच हे. हवा कमी असेल तर टायर अधिक दबतो, अधिक वाकतो, अधिक तापतो. उष्णतेने आतील थर एकमेकांपासून सुटू लागतात, आणि हे बाहेरून दिसत नाही. मग एखाद्या दिवशी भर रस्त्यात तो फुटतो, आणि लोक म्हणतात, ‘हवा जास्त झाली होती.’

तापल्यावर आतील दाब वाढतो हे खरे, पण टायर बनविणाऱ्याने ती वाढ आधीच हिशेबात धरलेली असते. पहाटे २५ अंशांत ६५ पौंड भरलेली हवा, टायर तापून आतील उष्णता ६० अंशांवर गेली की सुमारे ७४ पौंड दाखवील. हे भिण्याजोगे नाही. परंतु चालक वाटेत थांबून गेज लावतो, ७४ पाहून घाबरतो आणि नऊ पौंड हवा सोडून देतो. दुसऱ्या दिवशी पहाटे टायर थंड झाल्यावर त्यात सुमारे ५७ पौंडच उरलेली असते. त्यावर तो पुन्हा पूर्ण माल भरतो. टायर आदल्या दिवसापेक्षा अधिक तापतो. तो पुन्हा हवा सोडतो. अशा रीतीने टायर वाचविण्यासाठीच तो टायर मारीत असतो. म्हणून नियम एकच: हवा तपासावयाची ती थंड टायरात, गाडी किमान तीन तास उभी असताना. तापलेल्या टायरातील हवा कधीही सोडू नये.

मग किती हवा ठेवावी? गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत कारखान्याने पुढच्या व मागच्या चाकांचा दाब दिलेला असतो. पुष्कळदा रिकाम्या गाडीचा वेगळा आणि भरलेल्या गाडीचा वेगळा असे दोन आकडे असतात. तो आकडा प्रमाण मानावा. टायरच्या बाजूवरील आकडा त्याच्या पूर्ण क्षमतेचा आहे. सर्व चाकांत सदासर्वदा तेवढीच हवा भरावी असा त्याचा अर्थ नाही. कल्याणहून रिकामी परतणारी गाडी मागे ६५ पौंडांवर उड्या मारते, टायर मधोमध झिजतो, आणि पावसाळ्यात ब्रेक लावताच मागची बाजू घसरते. नित्य एकीकडे भरलेली व दुसरीकडे रिकामी जाणाऱ्या गाडीने मात्र भरलेल्या फेरीचाच दाब ठेवावा व रिकामे येताना वेग आवरावा. वाटेत हवा कमी-जास्त करीत बसणे कोणाच्याने होत नाही, हे मी जाणून आहे. भाताच्या खाचराजवळ चिखलात रुतलेली गाडी काढण्यासाठी काही जण हवा उतरवितात. त्याला हरकत नाही, पण डांबरी सडकेवर भरधाव जाण्यापूर्वी ती पुन्हा भरलीच पाहिजे.

टायरवर टॉमी आपटून आवाजावरून हवा ओळखण्याची विद्या जुन्या नायलॉन टायरांबरोबर संपली. रेडियल टायर हवा पुरेशी असतानाही खाली थोडा फुगलेला दिसतो. वीस पौंड हवा कमी झाली तरी नजरेस ते कळत नाही. प्रत्येक गाडीत स्वतःचा गेज असावा. आठवड्यातून एकदा, आणि लांबच्या खेपेपूर्वी, हवा मोजावी. स्टेपनीही मोजावी, आणि तीत मागच्या चाकाइतकी हवा असावी, कारण हवा घालवता येते, घाटात भरता येत नाही. (‘स्टेपनी’ हे वेल्समधील लानेली गावच्या रस्त्याचे नाव, १९०४ च्या सुमारास तेथे सुटे चाक तयार होऊ लागले. तेथून ते आपल्या पंक्चरवाल्यांच्या तोंडी येऊन बसले, आणि आता ते परके आहे असे सांगूनही कोणास खरे वाटणार नाही.) नायट्रोजन भरण्याविषयी मला नेहमी विचारले जाते. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कोरडा वायू चांगला, परंतु तो भरला म्हणून मोजणे चुकत नाही.

काही जण ह्यावर तोड म्हणून दहा प्लायचा टायर घालतात, कमानीत जादा पाटे चढवितात आणि दीडपट माल भरतात. हे नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसे झाले. रिम, बेअरिंग, मागचा आस आणि ब्रेक हे सर्व कारखान्याने ठरविलेल्या वजनासाठीच आहेत. टायर बदलल्याने आरसी पुस्तकातील एकूण वजनाचा आकडा बदलत नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे जादा भाराला २०,००० रुपये दंड, आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आहेत. भेंडीच्या किती खेपांचे भाडे त्यात जाते, हे मालकांनी मनातच मोजावे.

टायर विकत घेताना त्याचे वयही पाहावे. बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. स्वस्तात मिळालेला जुना टायर वरून कोरा दिसला तरी रबर आतून कडक झालेले असते. नक्षीच्या खाचांत १.६ मिलिमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांना येऊन भिडली की टायर बाद समजावा. एकाच आसावर रेडियल व नायलॉन मिसळू नयेत.

रस्ते बदलले, म्हणूनही हे सर्व आता अधिक निकडीचे झाले आहे. पूर्वी आपल्या गाडीचा वेग खड्डेच ठरवीत असत. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि तो आपल्या तालुक्यातून जातो. काँक्रीटचा सरळ रस्ता, न थांबता तास-दीड तास एकसारखा वेग. कमी हवेच्या टायरला तापण्यास ह्याहून सोयीची जागा नाही. जो टायर किन्हवलीच्या रस्त्यावर वर्षभर तगला, तो तेथे तासाभरात दगा देऊ शकतो. माळशेज किंवा कसारा उतरताना ब्रेकची उष्णता रिमवाटे टायरात शिरते, तीही ह्यात मिळविली पाहिजे.

शेवटची गोष्ट बोलण्यास मन धजत नाही, परंतु ज्ञातीच्या मेळाव्यात ती बोललीच पाहिजे. लग्नसराईत आपल्याकडे वऱ्हाड पिकअपमधून जाते. म्हसेच्या यात्रेला पौषात माणसे हौद्यात उभी राहून जातात. लावणीला मजूरही तसेच येतात. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसे नेण्यास कायद्याची परवानगी नाही, आणि अपघात झाला तर विम्याची भरपाईही अडचणीत येऊ शकते. परंतु आपण केवळ वजन पाहू. पंचवीस माणसे, दरडोई ५५ किलो, म्हणजे १,३७५ किलो. आपल्या उदाहरणातील गाडीचा भार १,२०० चा होता. पोते एका जागी राहते. उभी माणसे वळणावर एका बाजूस झुकतात, आणि बाहेरच्या मागच्या एका टायरवर तो सारा भार जातो. त्या टायरात चाळीस पौंड हवा असेल, तर त्या क्षणी त्याच्याकडून काय अपेक्षा करावयाची? आणि तो फुटला, तर फाळक्याशी उभी असलेली आपली मुले व आयाबहिणी धरावयाचे ते कशाला? सामुदायिक विवाहासाठी मंडळ मंडप व भोजनाची सोय करते; त्याच खर्चात वऱ्हाडासाठी एस.टी.ची गाडी ठरविण्याची तरतूद कार्यकारिणीने करावी, अशी सूचना मी ह्या व्यासपीठावरून करतो. ती ठरावाच्या रूपाने सभेपुढे यावी.

गेज मी बरोबर आणला आहे. मात्र आपल्या गाड्या येथे येऊन दोनच तास झाले आहेत, आणि काही उन्हात उभ्या आहेत. ज्यांना हवा मोजून घ्यावयाची असेल, त्यांनी गाडी शाळेमागच्या आंब्याच्या सावलीत लावून ठेवावी. भोजन आटोपेपर्यंत टायर थंड होतील, तेव्हा मी तेथे येतो.